गोदाबाईची पायरी

सौंसरहून मोहगावच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला खैरमाईची टेकडी येते. टेकडीला चारशे दोन पायऱ्या. खालच्या दोनशे अकरा चढल्या की एक सपाट जागा लागते, तिला सगळे विसावा म्हणतात. तिथून देवीपर्यंत आणखी एकशे एक्क्याण्णव. सकाळी साडेपाचपासून तिथे नुसती वर्दळ असते. शुगरवाले, गुडघेवाले, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली, आणि व्यायामाचे कपडे घालून फक्त फोटो काढायला येणारे. या सगळ्यांना पायऱ्यांचा आकडा तोंडपाठ आहे. पायऱ्या कोणी बांधल्या म्हणून विचारा, दहातले नऊ जण वर देवीकडे बोट दाखवतील.

खालच्या दोनशे अकरा दादाराव मिस्त्रींनी बांधल्या. टेकडीच्या पायथ्याशी, पाण्याच्या टाकीला लागून त्यांचं घर आहे. वय त्र्याहत्तर, शुगर बेताची, हात अजून दगडासारखे. आणि पायऱ्यांचं उद्घाटन झालं त्या दिवसापासून, म्हणजे एकोणतीस वर्षं, या माणसाने त्या पायऱ्यांवर पाय ठेवला नव्हता.

कारण शेवटची पायरी चुकली होती.

चूक म्हटली तर साधी. पायऱ्या देणगीच्या होत्या. ज्याला आपल्या घरच्या गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची त्याने एक पायरी द्यायची, दगडाच्या दर्शनी अंगावर नाव कोरलं जायचं. खालच्या टप्प्याला दोनशे अकरा नावं आली आणि यादी बंद झाली. नावं कोरलेले दोनशे अकरा दगड पायथ्याशी येऊन पडले. वरचा टप्पा पांढुर्ण्याच्या मिस्त्रीला दिला होता, त्याने विसाव्यापासून वर सुरुवातही केली होती. म्हणजे खालची जमीन ठरलेली, वरचा विसावा ठरलेला, दगडही मोजके. अशा वेळी आधी चढाची सगळी उंची मापायची आणि तिला दोनशे अकराने भागायचं, हे आठवीतल्या मुलीलाही कळेल. दादाराव तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे, तालुक्यात नाव असलेले, आणि नाव असलेल्या माणसाला आठवीतलं गणित कुठे आठवतं? त्यांचा हात सात इंचांच्या पायरीवर बसलेला होता. ते सात-सात इंच रचत वर गेले. दोनशे दहा दगड लागले, हातात एक उरला, आणि विसावा अजून सव्वा फूट वर.

दोन पायऱ्यांची उंची आणि दगड एकच. दादाराव म्हणाले, एक साधा दगड आणतो, बिननावाचा. कमिटी ऐकेना. देवीच्या वाटेवर बिननावाची पायरी चालायची नाही, आणि नवीन नाव घालावं तर यादी बंद झाल्यावर ज्यांना नाही म्हटलं होतं ते पाच जण दुसऱ्या दिवशी काठ्या घेऊन आले असते. उद्घाटन परवावर आलेलं. शेवटी दादारावांनी खाली आठ इंचांची दगड-चुन्याची बैठक बांधली आणि तिच्यावर शेवटचा दगड ठेवून मोकळे झाले. उद्घाटनाला त्यांचे उस्ताद पुंडलिकराव आले होते. उस्तादांनी त्या दगडावर काठी आपटली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "दाद्या, पायरी बांधली का ओटा?"

लोक हसले. सौंसरात पुढे कित्येक वर्षं दादारावांचं नाव ओटेवाले मिस्त्री असंच होतं. त्यानंतर त्यांनी आयुष्यभरात जेवढे जिने बांधले त्या प्रत्येकाची उंची पाणीनळीने दोनदा मापली. बांधून झाला की घरमालकाला बाजूला करून डोळे मिटायचे आणि जिना चढून जायचे. डोळ्यांना फसवता येतं, पावलाला येत नाही. पाव इंचाचा फरक असला तरी पाऊल चाचपडतं. त्यांचं पाऊल पुन्हा कधी चाचपडलं नाही. पण टेकडीवरचा तो सव्वा फूट कोणी विसरू दिला नाही, त्यांनी स्वतः तर नाहीच.

आणि लोकांनी त्या सव्वा फुटाचं काय केलं ते ऐका. दगडावर नाव होतं, कै. गोदाबाई सीताराम ढोके, मोहगाव. उंच पायरी चढायची तर वाकून दगडावर हात ठेवावा लागतो. पुढचा वाकला, हात लावला, तसाच हात मागच्यानेही लावला, आणि लावलाच आहे तर कपाळालाही नेला. पाचेक वर्षांत तिथे हळदकुंकू दिसायला लागलं. दहा वर्षांत गोदाबाई तपस्विनी झाली, तिने इथे बारा वर्षं अन्न सोडलं होतं असं सांगणारे निघाले. खरी गोदाबाई मोहगावच्या बाजारात भजी विकायची. टेकडी ती जन्मात चढली नव्हती.

दादारावांची बायको कमलबाई मात्र दर मंगळवारी चढायची. उंचीने चार फूट आठ इंच, चालणं तुरुतुरु, पहाटे चहा ठेवायच्या आधी निघायची आणि दूधवाला यायच्या आत परत. नवऱ्याला कधी चला म्हणाली नाही. वर काय दिसतं ते सांगायचीही नाही. विचारलंच तर म्हणायची, सांगून समजाची गोष्ट असती तं देवी खालीच बसली असती.

तीन वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बदलायला हवेत, पण हृदयाची तब्येत पाहता भूल देणं धोक्याचं आहे. तेव्हा झेपेल तेवढं चाला. कमलबाईला दोनशे दहा पायऱ्या झेपत होत्या. कठड्याला धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती तासाभरात गोदाबाईपाशी पोचायची. सव्वा फूट तिचा गुडघा उचलत नव्हता. लोक हात पुढे करायचे, तर ती मागे सरायची. खालच्या पायरीवर उभी राहून, गोदाबाईला हात लावून परत यायची. वरचं देऊळ तिने तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

या डिसेंबरात एका मंगळवारी ती परत आली, ओट्यावर बसली आणि पाय चोळू लागली. दादाराव तूर निवडत होते. त्यांनी विचारलं, झालं का दर्शन?

"दोनशे दहा पायऱ्या मले काई म्हणत नाई," कमलबाई म्हणाली. "तुमची एकलीच म्हणते, जाय वापस."

 दादारावांनी एकोणतीस वर्षं ओटेवाले म्हणवून घेतलं होतं, हे मात्र कुठेतरी नवीन जागी लागलं.

"कोणी हात देत असन तं घ्यावा," ते म्हणाले.

"मी काय कापसाचा गठ्ठा हाये, ओढून वर टाकाले? पायानं गेली तं गेली." मग तूर निवडायला तीही सरकून बसली आणि खाली बघतच म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात दोनशे दहा तरी होतीन का नाई, कोनाले माहीत."

दुसऱ्या दिवशी दादाराव मंदिर कमिटीच्या सेक्रेटरीकडे, हेमंतकडे गेले. शेवटचा दगड काढतो, फूटभर मागे सरकवून बसवतो, खालच्या बैठकीची सरळ एक पायरी होईल, मजुरी नको. हेमंतला आनंदच झाला. त्यासोबत टाईल्सही बसवून टाकू म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं की गोदाबाई कोपणार तर नाही? दादारावांनी भज्यांचं सांगितलं. हेमंतला ते पटलं नाही, पण त्याने हो म्हटलं.

गुरुवारी पहाटे दादारावांनी थैलीत छन्नी, हातोडी, टेप आणि खडू घातला. कमलबाईने विचारलं, कोणाकडे काम निघालं?

"माझंच हाये. जुनं."

पहिल्या पायरीशी ते जरा थांबले. दगड ओळखीचे होते, पण आता त्यांना मधोमध झीज चढली होती, पितळेच्या भांड्यासारखी. एकोणतीस वर्षांत इतके पाय इथून गेले होते. पहिल्या दहा पायऱ्या ते नावं वाचत चढले आणि पुढे त्यांच्या लक्षात आलं की वाचायची गरजच नाही. कोणता दगड कोणत्या जागी जाईना म्हणून रुसला होता, कोणत्याची कड फुटली म्हणून उलटा बसवला होता, सगळं आठवत होतं. पन्नासाव्या पायरीवर दम लागला. शंभराव्या पायरीवर बसले. भरतीवाल्या दोन मुली धापा टाकत बाजूने वर गेल्या, वरून परत खाली आल्या, आणि पुन्हा वर जाताना त्यांना म्हणाल्या, आजोबा, हळूहळू. म्हातारा माणूस हळूहळूच चढणार, तरी हे सांगायची लोकांना भारी हौस.

दीडशेच्या पुढे वर्दळ जरा विरळ झाली. आणि तिथे दादारावांनी एक वेडेपणा केला. कठड्याला हात लावला आणि डोळे मिटले.

पाऊल उचलायचं, टेकवायचं. उचलायचं, टेकवायचं. पायाखालचा दगड जिथे हवा तिथे येत होता. झीज होती, ओल होती, एका दगडावर बकरीच्या लेंड्या होत्या, पण उंची हलली नव्हती. सात इंच, पुन्हा सात, पुन्हा सात. साठ पायऱ्या ते डोळे मिटून चढले आणि एकदाही पाऊल चाचपडलं नाही. एवढं चांगलं काम आपल्या हातून झालं होतं हे त्यांना त्र्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं, कारण त्यांनी आजवर त्यातली एकच पायरी मोजली होती.  आणि तेवढ्यात नडगी खाडकन दगडावर आपटली.

गोदाबाई.

त्यांनी डोळे उघडले, नडगी धरली, आणि बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्याच दगडावर वळून बसले.

समोर सगळा मुलूख होता.

बांधत होते तेव्हा ते रोज इथे असत. पण बांधणाऱ्याची पाठ नेहमी दरीकडे असते, आणि संध्याकाळी उतरताना डोक्यात उद्याचा दगड असतो. त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. खाली संत्र्याचे बगीचे धुक्यात बुडालेले, वर फक्त शेंड्यांचा हिरवा थर. त्यापलीकडे फुटलेली कपाशी, कोणीतरी भातावरचं पांढरं फडकं उलगडून ठेवावं तशी. कन्हान त्यातून वळण घेत जात होती, आणि डावीकडून ऊन आलं तशी ती एका टोकापासून उजळत गेली, हळूहळू नाही, सरसर, जसा कापराचा जाळ पळतो. जामसांवलीच्या बाजूने घंटा ऐकू आली. एवढी मोठी जमीन, आणि तिच्यावर आवाज म्हणून तेवढाच. दादारावांच्या थैलीतली छन्नी थैलीतच राहिली. आपण आयुष्यभर या सगळ्याकडे पाठ करून इंच मोजत होतो, असं त्यांना वाटलं, आणि त्याचं वाईट वाटायच्या आत पुन्हा नदीकडेच लक्ष गेलं.

"सरका जरा. ही माझी जागा आहे," कोणीतरी म्हणालं.

पांढरी टोपी, हातात काठी, पायात पुरुषी बूट. विजया मॅडम. सौंसरच्या कॉलेजात तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आणि टेकडीवर कोणी शेंगांची टरफलं टाकली तर त्याला ती उचलायला लावणाऱ्या. दादाराव उठू लागले तर म्हणाल्या, बसा, दोघांना पुरते. बसल्या बसल्या त्यांचं लक्ष थैलीतल्या हातोडीकडे गेलं आणि हे काय म्हणून त्यांनी विचारलं. पायरी तोडायची आहे, दादारावांनी सांगितलं.

"कोण तोडतंय?"

"मीच."

"कशाला?"

"चुकली हाये."

"हे ठरवणारे तुम्ही कोण?"

"ज्याच्यानं चुकली तो," दादाराव म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.  मग काठीने खाली दाखवलं. खालून एक जाडसर गृहस्थ चढत येत होते, घामाघूम, नजर पायाखाली. गोदाबाईपाशी आले, पाय उचलून पाहिला, पोचला नाही, थांबले. दगडावर हात टेकला, दम खायला मागे वळले. आणि उभेच राहिले. तोंड उघडं. त्यांच्यामागून एक बाई आली. तीही थांबली, हात टेकला, वळली. तिच्यामागून नवरा-बायको भांडत येत होते, ते वळले आणि भांडण अर्ध्यावर राहिलं.

"सोळा वर्षं मी इथे येते आहे," मॅडम म्हणाल्या. "चढणारा माणूस काय बघतो? पुढच्याची टाच. दोनशे दहा पायऱ्या टाचा बघत येतात सगळे, मी धरून. इथे झक मारून थांबावं लागतं म्हणून मान वळते. मी जन्मभर फळ्यावर नद्या काढल्या. नदी वळते म्हणजे काय, ते मला या दगडाने अडवल्यावर कळलं. आणि तुम्ही हातोडी घेऊन आलात."

 अडवण्यासाठी नव्हती बांधली, असं दादारावांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मॅडम म्हणाल्या की कशासाठी बांधली होती याच्याशी त्यांना काही कर्तव्य नाही.

"पन माझी घरवाली इथून वापस जाते," दादाराव म्हणाले. "तीन वर्सं झाले."

कठडा धरून येणारी ठेंगणी बाई मॅडमना माहीत होती. सगळ्यांनाच माहीत होती. मॅडम उठल्या, कपडे झटकले. "मग ते तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "मिस्त्री तुम्ही आहात." आणि वर निघून गेल्या.

दादाराव आठ वाजेपर्यंत तिथेच बसून राहिले. येणारा प्रत्येक माणूस थांबत होता, हात टेकत होता, वळत होता. लोकांना आपण कमरेत वाकायला लावलं, एवढंच ते एकोणतीस वर्षं समजून चालले होते. वाकल्यानंतर लोक काय करतात ते पाहायला ते कधी आलेच नव्हते. मग ते उठले, खाली उतरून दगडासमोर उकिडवे बसले आणि टेप लावली. दगड सहा फूट रुंद, सात इंच जाड, फूटभर खोल. नाव मधोमध. बसणारे मध्ये बसत, नाहीतर उजवीकडे, कारण ऊन डावीकडून तोंडावर येतं. बसणाऱ्याच्या डावीकडचे दोन फूट कोरे होते, रिकामे होते, आणि कठडा त्याच बाजूला होता. तेवढाच तुकडा कापून काढला तर खालची आठ इंचांची बैठक आपोआप पायरी होणार होती. बाकीचे चार फूट गोदाबाईचे.

त्यांनी खडूने रेघ मारली.

काम तीन सकाळी चाललं. रेघेवर छन्नीने ओळीने भोकं पाडायची, त्यात पाचरी बसवायच्या, एकेक पाचर सारख्या जोराने ठोकत जायची आणि कान दगडाकडे ठेवायचा. दगड फुटायच्या आधी आवाज बदलतो. चढणारे थांबून पाहायचे, सल्ले द्यायचे. एकाने विचारलं की आजोबा, मशीन का नाही आणली, तर मॅडमनी त्यालाच सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, धरायला लावली. तिसऱ्या सकाळी आवाज बदलला आणि दोन फुटांचा तुकडा सरळ रेघेत सुटला. चौघांनी मिळून तो सरकवला. दादारावांनी त्याचेच दोन भाग केले, एक मागच्या भिंतीला दर्शनी बसवला, दुसरा तासून पातळ केला आणि बैठक वरून खरवडून तिच्यात असा बसवला की दोन्ही चढ साडेसात-साडेसात इंच झाले. काटकोनाला गुण्या लावला, पातळीला पाणीनळी लावली, दोनदा.

मंगळवारी कमलबाई नेहमीसारखी निघाली. या वेळी दादाराव मागून चालले. ती कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत गेली, आणि त्यांनीही तसेच दोन्ही पाय टेकवले, घाई न करता. दोनशे दहाव्या पायरीवर ती थांबली. नेहमीप्रमाणे वाकून गोदाबाईला हात लावला, हात कपाळाला नेला, वळून बगीच्यांकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. नवा दगड अजून पांढुरका होता, छन्नीच्या खुणा ताज्या.

 तिने कठड्यावरचा हात एक वीत पुढे सरकवला. उजवा पाय उचलला, टेकवला. डावा आणला. पुन्हा उजवा. विसाव्यावर तिची दोन्ही पावलं आली तेव्हा तिथे बसलेल्या मॅडमनी तोंड फिरवून टोपी सारखी केली. कमलबाई थांबली नाही. जणू तीन वर्षांचं अंतर आजच कापायचं होतं, तशी वरच्या पायऱ्यांना लागली. दादारावांनाच धाप लागली.

देवीच्या देवळामागे एक खडक आहे. देवळात जायच्या आधीच ती नवऱ्याला तिकडे घेऊन गेली. तिथून उत्तर दिशा दिसते. विसाव्यावरून जो दिसतो तो माणसांचा मुलूख, शेतं, रस्ते, घरं. इकडे माणसाचं काहीच नव्हतं. सातपुडा होता, एकामागे एक रांग, पहिली हिरवी, दुसरी निळी, तिसरी त्याहून फिकी, आणि सगळ्यात मागची डोंगर आहे की आभाळ ते कळू नये अशी. सिल्लेवानीच्या घाटाकडून ढगाचा एक लोट रांगांच्या मधून वाट काढत येत होता, कुठल्याही पायरीवाचून. दादारावांनी सवयीने उंची मापायला डोळे बारीक केले आणि मग सोडून दिलं. कमलबाई खडकावर बसली, पाय लांब केले.

"हे इतकं होतं," ते म्हणाले, "आन् तू कधी सांगतलं नाई."

"सांगतलं असतं तं आले असते का?"

नसते आले. दोघांनाही ते ठाऊक होतं. मग बराच वेळ दोघं तिथे बसले. दर्शन घेतलं. उतरताना विसाव्यावर मॅडमची जागा रिकामी होती, आणि उन्हं चांगली वर आली होती. कमलबाई पुढे उतरून गेली आणि खालच्या पायरीवर वाट पाहत उभी राहिली.

दादाराव नव्या पायरीच्या कडेला आले. एक हात कठड्यावर ठेवला आणि सवयीने डोळे मिटले. पाऊल खाली सोडलं. दगड तिथेच होता, जिथे असायला हवा होता. दुसरं सोडलं. तेही चाचपडलं नाही.

"डोये उघडा," कमलबाई खालून म्हणाली. "आता तरी."